मस्तगड आणि महाराज

श्रोतेहो, जालन्याचा मस्तगड पाहून मुले विचारतील, “गुरुजी, शिवाजी महाराज या गडावर आले होते का?” तेव्हा खरे तेच सांगावे. हा गड १७२५ साली निजामुल्मुल्काच्या हुकमाने काबिलखानाने बांधला; महाराज त्याआधी ४५ वर्षे, ३ एप्रिल १६८० रोजी निवर्तले.

पण म्हणून नाते तुटत नाही बरं का! जिजाऊंचे माहेर सिंदखेड इथून जवळच. नोव्हेंबर १६७९ मध्ये महाराजांनी मोगलांच्या ताब्यातली जालन्याची श्रीमंत पेठ लुटली. परतताना संगमनेरजवळ मोगलांनी गाठले. सिधोजी निंबाळकर पडले, महाराज पट्टागडावर पोचले. तीच त्यांची अखेरची मोठी स्वारी, अन् तीही आजोळच्या मुलखात! गुरुजी, मुलांना एवढे सांगा : या भिंतींपेक्षा ते नाते जुने आहे.