घराबाहेरील आपले बांधव



‘जालना सोने का पालना’ असे आपण अभिमानाने म्हणतो. त्याच जालन्याच्या रेल्वे स्थानकावर रात्री निजलेल्यांत आमच्याच ज्ञातीचा एक तरुण आम्हांस आढळला. व्यसनापायी घरच्यांनी त्यास बाहेर काढले. ज्ञातीने, म्हणजे आम्हीच, त्याचे नावही टाकले.

गाडगे महाराजांनी दारूविरुद्ध कीर्तने केली, तशा धर्मशाळाही बांधल्या. पहिले आम्ही ऐकले, दुसरे सोयीस्करपणे विसरलो!

पुण्यास १९८६ साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी स्थापिलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनास आजार मानून उपचार चालविले. परंतु बऱ्या झालेल्याच्या नशिबी पुन्हा फलाटच असेल, तर तो उपचार टिकावा कसा? लाख नागरी वस्तीमागे शंभर जणांचा निवारा, हा २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा मानदंड होता. २०११ च्या जनगणनेत जालना शहराची वस्ती पावणेतीन लाखांवर होती. हिशेब सरकारने करावाच, पण आम्ही?

आमच्या मंगल कार्यालयाच्या दोन खोल्या लग्नसराई सरताच कुलूपबंद होतात. उपचार घेऊन परतणाऱ्यांस त्या द्याव्यात, ज्ञात विचारू नये, रात्रीच्या भाकरीचा खर्च मंडळाने सोसावा. किल्ली कार्यवाहांपाशीच आहे.