कोळशाची पारख आणि राखण



शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. पातेल्यातला भात एकाच पाण्यात आणि एकाच आचेवर शिजलेला असतो. म्हणून एक शीत बोटांनी चेपले की साऱ्या भाताची स्थिती कळते. आज ज्या वस्तूविषयी मी बोलणार आहे तिला मात्र ही म्हण जशीच्या तशी लागू पडत नाही. ती वस्तू म्हणजे दगडी कोळसा. एका मालगाडीतून सुमारे चार हजार टन कोळसा औष्णिक वीज केंद्रात येतो. त्याची किंमत त्याच्या उष्णतामूल्यावरून, म्हणजे एक किलोग्रॅम कोळसा जळाला असता किती उष्णता मिळते यावरून ठरते. हे मूल्य प्रयोगशाळेत ज्या कोळशावर मोजले जाते, त्याचे वजन असते अवघे एक ग्रॅम. चार हजार टन म्हणजे चारशे कोटी ग्रॅम. तेव्हा एका ग्रॅमने चारशे कोटी ग्रॅमची साक्ष द्यायची असते. ही साक्ष खरी कशी ठरते आणि खोटी का पडते, हे आपण आज पाहू.

आपल्या देशात कोळशाचे व्यापारी खाणकाम १७७४ मध्ये राणीगंजच्या परिसरात सुरू झाले. राणीगंज, झरिया, तालचेर, सिंगरौली, कोरबा आणि आपल्या चंद्रपूर-वणीकडील वर्धा खोरे, या सर्व ठिकाणचा कोळसा गोंडवन काळातील आहे. त्या काळी वनस्पतींचे अवशेष नद्यांच्या पाण्याबरोबर वाहत येऊन गाळासह साचले, असे भूवैज्ञानिक मानतात. तो गाळ कोळशाच्या कणाकणांत मिसळला आणि तोच आज राखेच्या रूपाने आपल्यासमोर येतो. आपल्या वीज केंद्रांना मिळणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण पुष्कळदा ३० ते ४५ टक्के असते. ४० टक्के राखेचा चार हजार टन कोळसा गाडीत भरला, तर त्याबरोबर सोळाशे टन न जळणारी माती आपण शेकडो किलोमीटर वाहून नेतो. आसामच्या कोळशाची गोष्ट उलट आहे; त्यात राख कमी, पण गंधक जास्त. तमिळनाडूतील नेयवेलीच्या लिग्नाइटमध्ये तर खाणीतून काढतेवेळी जवळजवळ निम्मे पाणी असते. सारांश, 'कोळसा' हा शब्द एक असला तरी वस्तू एक नाही. आणि एकाच खाणीच्या एकाच थरातही वरचा कोळसा खालच्यासारखा नसतो.

म्हणूनच प्रतवारीची गरज भासते. पूर्वी आपल्याकडे राख आणि आर्द्रता यांच्या टक्केवारीची बेरीज करून, तिला १३८ ने गुणून, तो गुणाकार ८९०० मधून वजा करीत आणि येणाऱ्या आकड्यावरून कोळशाला ए ते जी अशी प्रत देत. १ जानेवारी २०१२ पासून प्रत्यक्ष मोजलेल्या एकूण उष्णतामूल्यावर आधारलेल्या जी-१ ते जी-१७ अशा सतरा श्रेणी आल्या. जी-१ मध्ये किलोग्रॅमला ७००० किलोकॅलरींहून अधिक उष्णता मिळते. त्याखालील प्रत्येक श्रेणीची रुंदी ३०० किलोकॅलरी आहे. या ३०० किलोकॅलरींचा अर्थ ध्यानात घ्यावा. आपल्याकडील मध्यम प्रतीच्या कोळशात राख चारेक टक्क्यांनी वाढली की साधारणतः एक श्रेणी खाली येते. नमुना घेताना एवढी चूक होणे मुळीच कठीण नाही. आणि श्रेणी चुकली की एका गाडीमागे मोठी रक्कम एका खिशातून दुसऱ्या खिशात जाते. शेवटी तिचा भार वीज वापरणाऱ्या सामान्य माणसावर पडतो.

चूक होते कशी, ते पाहू. कोळसा उंचावरून ओतला की त्याचा शंकूसारखा ढीग होतो. मोठी ढेकळे घरंगळत पायथ्याशी जातात आणि चुरा मध्यभागी राहतो. ढेकळे आणि चुरा यांतील राख सारखी नसते. चिकणमातीचा शेल खडक कोळशाहून चिवट असल्यामुळे तो फुटत नाही व पुष्कळदा ढेकळांच्याच रूपात उरतो. आता एखाद्याने सोयीची जागा पाहून पायथ्याशी फावडे मारले, तर त्याने ढिगाचा नमुना घेतलाच नाही; त्याने फक्त पायथ्याचा नमुना घेतला. फावडे लहान असेल तरीही हाच दोष येतो, कारण मोठे ढेकूळ त्यात मावतच नाही. यासाठी नमुना घेण्याच्या साधनाचे तोंड सर्वांत मोठ्या ढेकळाच्या अडीच ते तीन पट रुंद असावे, असा नियम आहे.

भारतीय मानक ४३६ मध्ये कोळशाचा नमुना घेण्याची पद्धत सांगितली आहे. तिचे मर्म थोडक्यात असे, की मालातील प्रत्येक कणाला निवडले जाण्याची सारखीच संधी मिळाली पाहिजे. म्हणून कोणत्या वाघिणींतून नमुना घ्यायचा हे माणसाच्या मर्जीवर सोडत नाहीत. ते यदृच्छ आकड्यांच्या साहाय्याने ठरवितात. वाघिणीतील वरचा थर बाजूला सारून आतला कोळसा घेतात. एकाच ठिकाणाहून पुष्कळ कोळसा घेण्यापेक्षा अनेक ठिकाणांहून थोडाथोडा घेणे श्रेयस्कर असते. त्याहूनही चांगली जागा म्हणजे चालता वाहक पट्टा. पट्टा थांबवून त्याच्या पूर्ण रुंदीचा छेद घेतला, म्हणजे ढेकूळ आणि चुरा दोन्ही आपापल्या प्रमाणात हाती येतात.

अशा रीतीने जमलेला कोळसा शेकडो किलोग्रॅम भरतो. तो फोडून, मिसळून त्याचा शंकू करतात, शंकू चपटा करून त्याचे चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन भाग ठेवून उरलेले दोन टाकून देतात. आणि हीच क्रिया पुन्हा पुन्हा करतात. शेवटी २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतकी बारीक पूड करतात. तिचा एक भाग मोहोरबंद करून तंट्याच्या प्रसंगासाठी राखून ठेवण्याची प्रथा आहे. पुढची परीक्षा तुलनेने सोपी असते. १०८ अंश सेल्सिअसला तापविले असता जे वजन घटते ती आर्द्रता. हवेत ८१५ अंशांवर जाळल्यावर जे उरते ती राख. आणि पोलादी कॅलरीमापकात प्राणवायूच्या दाबाखाली एक ग्रॅम पूड जाळून भोवतालच्या पाण्याचे तापमान किती चढते, त्यावरून उष्णतामूल्य. हे यंत्र अत्यंत अचूक असते. परंतु त्याच्यापुढे आणलेली पूड खरी की खोटी, हे त्याला सांगता येत नाही. फावड्याची चूक तराजू सुधारू शकत नाही.

पुष्कळदा वादाचे मूळ लबाडीत नसते, ते पाण्यात असते. प्रतवारीसाठीची पूड ४० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता अशा ठरावीक हवेत समतोल करून मग जाळतात. उलट, बाष्पित्रात जो कोळसा पडतो तो पावसात भिजलेला असतो. खाणीजवळचा आकडा आणि वीज केंद्रातला आकडा वेगळा आला की दोन्ही पक्ष परस्परांकडे संशयाने पाहू लागतात. वस्तुतः दोघांनी निरनिराळ्या अवस्थेतील कोळसा मोजलेला असू शकतो. एकूण आर्द्रतेचा नमुना म्हणूनच वेगळा घेऊन तत्काळ हवाबंद डब्यात ठेवावा लागतो. उन्हात तासभर उघडा राहिलेला नमुना पाण्याविषयी खरे सांगत नाही. अशा वादांवर उपाय म्हणून विक्रेता व ग्राहक या दोहोंहून वेगळ्या, त्रयस्थ संस्थेने नमुना घेण्याची व्यवस्था आपल्याकडे गेल्या दशकात रूढ झाली आणि धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेकडे हे काम मोठ्या प्रमाणावर आले.

परंतु पारख झाली म्हणजे काम संपले असे नाही. कोळसा हा निर्जीव दगडासारखा पडून राहत नाही. तो हवेतील प्राणवायू शोषतो आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. वारा भरपूर असेल तर ती उष्णता निघून जाते. हवा मुळीच शिरत नसेल तर क्रियाच थांबते. धोका आहे तो मधल्या स्थितीत. सैल रचलेल्या ढिगात प्राणवायू पोहोचण्याइतकी हवा शिरते, पण उष्णता वाहून नेण्याइतकी ती वाहत नाही. मग ढीग आतून तापू लागतो आणि आपोआप पेट घेतो. झरियाच्या भूगर्भातील आगीची पहिली नोंद १९१६ मधील आहे, आणि एका शतकानंतरही त्या प्रदेशातील आगी पूर्णपणे विझलेल्या नाहीत. कोळशाला एकदा आग लागली की ती किती चिवट असते, याचे यापरते दुसरे उदाहरण नको.

म्हणून ढीग रचताना पातळ थर पसरून ते यंत्राने दाबतात, ढेकळे व चुरा यांचे वेगळे पट्टे पडू देत नाहीत आणि जो कोळसा आधी आला तो आधी जाळतात. ढिगात नळ्या रोवून तापमान मोजतात. अनुभवी कामगार मात्र पहाटे ढिगाकडे नुसते पाहूनही सांगतो. जेथून वाफ निघते, जेथला पृष्ठभाग पावसानंतर भोवतालच्या आधी सुकतो, जेथे रॉकेलसारखा वास येतो, तेथे आत काहीतरी शिजत असते. अशा जागी वरवर पाणी मारून भागत नाही. तापलेला भाग यंत्राने उकरून, पसरून थंड करावा लागतो.

बंद जागेत हाच कोळसा दुसऱ्या रीतीने घातक ठरतो. जहाजाच्या तळघरात भरलेला कोळसा तेथील प्राणवायू शोषून घेतो, कार्बन मोनॉक्साइड सोडतो आणि काही जातींतून मिथेनही बाहेर पडतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणून आतील हवा तपासल्यावाचून कोणीही खाली उतरू नये, हा सागरी नियमांतील दंडक आहे. दगडी कोळशाची जागा आता काही अंशी घेऊ पाहणाऱ्या, लाकडाच्या भुशाच्या कांड्यांनाही तो लागू पडतो. दिसायला निरुपद्रवी अशा या कांड्या बंद तळघरातील हवा माणसाला श्वास घेण्यास अयोग्य करून सोडतात. वीज केंद्रातील बंकरमध्ये ओला कोळसा अडकून त्याची कमान होते आणि खाली पोकळी राहते. ती फोडण्यासाठी कोणी वर उभा राहिला, तर कमान ढासळून तो कोळशाबरोबर खाली ओढला जातो. हे काम बाहेरूनच करायचे असते, मग कितीही घाई असो.

श्रोतेहो, अलीकडे वाघिणीत उभा गिरमिट घालून यंत्राने नमुना घेण्याची सोय होऊ लागली आहे. तिचे स्वागत केले पाहिजे. कारण यंत्राला सोयीची जागा ठाऊक नसते. तथापि गिरमिट वाघिणीच्या तळापर्यंत पोहोचते की वरच थांबते, नमुन्याच्या पिशवीवरील मोहोर कोणासमक्ष लागली, ढिगातील नळीचे तापमान खरोखर पाहून लिहिले की कालचाच आकडा उतरवला, हे अखेर माणसाच्याच हाती राहते. या माणसाचे नाव कोणत्याही अहवालात ठळकपणे येत नाही. तरी चार हजार टनांची किंमत आणि बंकरवर काम करणाऱ्या सोबत्याचा जीव, या दोहोंचा भरवसा त्याच्यावर असतो. सारा भात ढवळून मगच शीत उचलण्याइतका धीर त्याने धरला, तर आपली जुनी म्हण कोळशाच्या बाबतीतही खरी ठरेल.