दिवाणखान्यांतील चित्रगृह आणि विजेचा हिशोब

चित्रपट घरींच पाहण्याची सोय ज्या कुटुंबांनीं करून घेतली आहे, त्यांपैकीं कांहींच्या दिवाणखान्यांत पडद्याखालीं एक स्वतंत्र संगणकच ठेवलेला असतो. चित्रपट, संगीत, घरगुती छायाचित्रें असा सारा संग्रह त्याच्या पोटांत असतो. हा संगणक घेतांना गृहस्थाचें लक्ष बहुधा एकाच गुणाकडे असतें. तो गुण म्हणजे वेग. यंत्र जितकें बलवान् तितकें चित्र चांगलें, ही समजूत तपासून पाहणें अगत्याचें आहे. कारण तिची किंमत खरेदीच्या दिवशीं एकदांच देऊन भागत नाहीं, ती दरमहा विजेच्या बिलांतूनहि द्यावी लागते.

बहुतेक चित्रपटांत सेकंदाला २४ चित्रें पडद्यावर येतात. म्हणजे एक चित्र सिद्ध करण्यास यंत्राला सेकंदाचा चोविसावा भाग मिळतो. तेवढ्या अवधींत चित्र तयार झालें कीं काम भागलें; तें त्याहून लवकर उरकलें म्हणून अधिक सुंदर दिसत नाहीं. अवधि चुकला तर मात्र चित्र अडखळतें आणि ऐन प्रसंगीं रसभंग होतो. तेव्हां प्रश्न अधिक शक्तीचा नसून पुरेशा शक्तीचा आहे.

साठविलेला चित्रपट आकुंचित केलेला असतो व तो दाखवितांना उलगडावा लागतो. हें काम मुख्य प्रोसेसर करूं शकतो. परंतु पुष्कळ चिपांमध्यें त्याकरितांच योजलेला एक लहान विभाग असतो, आणि तो तेंच काम फार थोड्या विजेंत करतो. अट इतकीच कीं, चित्रपट ज्या पद्धतीनें आकुंचित केला असेल ती त्या विभागास अवगत असावी. रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. २०१९ च्या चौथ्या नमुन्यांत एच.२६४ व एचईव्हीसी या दोन्ही पद्धतींसाठीं असा विभाग होता. २०२३ चा पांचवा नमुना वेगानें पुष्कळच पुढें गेला. परंतु त्यांत एचईव्हीसीपुरतीच सोय राहिली व एच.२६४ चा भार मुख्य प्रोसेसरवर पडला. नवें यंत्र प्रत्येक कामांत काटकसरी असतेंच असें नाहीं, हें यावरून दिसून येईल.

प्रोसेसरची गति थोडी कमी केल्यास त्याला लागणारा विद्युत्दाबहि कमी करतां येतो. चालू कामाचा वीजखर्च गतीच्या प्रमाणांत व दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. म्हणून दोन्ही दहा टक्क्यांनीं उतरविले असतां तो सुमारें २७ टक्के घटतो. वीज कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे पंख्याची घरघर कमी. शांत प्रसंगांतील हळुवार संवाद ऐकूं येण्यास याचा उपयोग होतो.

तथापि सर्वांत मोठी गळती निराळ्याच ठिकाणीं असते. समजा, एक जुना संगणक चित्रपट दाखवितांना ८० वॅट व रिकामा बसला असतां ६० वॅट वीज घेतो, आणि घरांत रोज तीन तास चित्रपट पाहिला जातो. वर्षाकाठीं पाहण्यांत सुमारें ८८ युनिटें खर्च होतील. परंतु यंत्र चालूच ठेवलें तर उरलेल्या २१ तासांच्या निरर्थक जागरणांत ४६० युनिटें जातील! तेंच यंत्र त्या वेळीं निद्रावस्थेंत ठेवून २ वॅटांवर आणलें, तर हा खर्च सुमारें १५ युनिटांवर येतो. यांत चित्राचा दर्जा केसभरहि उतरत नाहीं.

म्हणून नवें यंत्र आणण्यापूर्वीं गृहस्थानें घरांतील यंत्राची वीज मोजण्याचें छोटें मीटर प्लगला लावून पाहावें, आणि चित्रपट संपल्यावर यंत्र आपोआप निजेल अशी व्यवस्था करावी. चित्र अडखळत नसेल, तर अधिक वेगाचा मोह सोडण्यास हरकत नाहीं. अडखळत असेल, तर मात्र काटकसरीचा हट्ट धरूं नये. जें पाहण्यासाठीं कुटुंब एकत्र बसतें, तें सुखानें पाहतां येणें हाहि त्या हिशोबांतलाच एक आंकडा आहे.