फासा तिच्याच हातात राहू द्या

लहानपणी आपण सगळ्याच भातुकली खेळलो. अमेरिकेत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ निघाला, तोही तसाच. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे पात्रं होतात, अडलं की फासे टाकतात.

चाकणच्या आमच्या गटांत बचतीचा हिशेब झाला की आम्ही असाच खेळ घेतो. प्रसंग मात्र आपले : बँकेत कर्ज मागणं, ठेकेदाराकडे अडकलेला पगार मागणं. सहा पडले तर साहेब ऐकतो, एक पडला तर ‘उद्या या’ म्हणतो.

मागे एका नव्या ताईला खेळ चालवायला दिला. तिने शेवटही लिहून आणला होता. कुणी वेगळं बोललं की ती अडखळायची. आम्ही मध्येच फासा हाती घेतला. खेळ रंगला, पण ताई पुढच्या दोन बैठकांना आली नाही. चूक आमची होती. घरी जाऊन माफी मागितली.

आता नवीला आम्ही एवढंच सांगतो : प्रसंग ठरव, शेवट नको. सुचलं नाही तर खेळणारीलाच विचार, ‘तू काय करशील?’ आणि कुणाच्या खऱ्या दुखण्याला हात लागला, तर तिने बांगडी मध्ये ठेवायची. खेळ तिथेच थांबतो. आम्ही शेजारी बसतो, बोलतो मात्र नंतर, दोघीच असताना.

परवा त्याच ताईने खेळ घेतला. एक पडला. ‘साहेब उद्या या म्हणतात. आता?’

सगळ्या एकदम म्हणाल्या, ‘तसं लिहून द्या म्हणावं!’

आम्ही गप्पच होतो.