ऋतुबदलाची ॲलर्जी आणि घरचा काढा
(वार्षिक सभेत रुग्णालय प्रशासनाच्या वतीने केलेले भाषण)



अहवालातील आकडे आपणांपुढे आहेतच. त्यांत न मावणाऱ्या एका विषयाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

पावसाळा सरू लागला की आपल्याकडील मोकळे भूखंड आणि रस्त्यांच्या कडा गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. १९५० च्या दशकात पुणे परिसरात नोंदले गेलेले हे परदेशी तण आज राज्यभर पसरले आहे. त्याच्या परागकणांमुळे शिंका, नाकातून पाणी, डोळ्यांची खाज आणि काहींना दम्याचा त्रास होतो. स्पर्शाने त्वचेवर चट्टे उठतात. अशा वेळी घरोघरी तुळस, अडुळसा, ज्येष्ठमध, गुळवेल यांचा काढा उकळू लागतो. एका दिवसाची मजुरी बुडवणे ज्यांना परवडत नाही, त्यांचा तो पहिला आधार असतो. त्याची हेटाळणी करणे आम्हांस उचित वाटत नाही.

या वनस्पतींना गुण आहेत. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध निर्माण झाले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी नाकाच्या ॲलर्जीच्या ७५ रुग्णांवर ८ आठवडे केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना गुळवेलीचे, तर काहींना औषधविरहित गोळ्यांचे सेवन करावयास दिले होते. गुळवेल घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के रुग्णांच्या शिंका पूर्णपणे थांबल्या. अभ्यास लहान असला, तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

मात्र आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी. जमेची बाजू वाचल्यावर नावेची बाजूही वाचावी, हे आमचे शिक्षण. २०२० च्या साथीत गुळवेलीचे सेवन फार वाढले. त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना ती घेणाऱ्या ६ रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे आढळले. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षावर आक्षेप घेतला. गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीमुळे असे होऊ शकते, असेही सांगितले. वाद तज्ज्ञांचा आहे. आपल्यापुरता बोध एकच : कोणती वनस्पती, किती आणि किती दिवस, हे ठाऊक असल्याखेरीज ती पोटात जाऊ नये. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. अडुळसा गरोदरपणी टाळावा. काढ्याच्या भरवशावर दम्याचा इनहेलर बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

सर्वांत अडचणीची गोष्ट म्हणजे मौन. “कोणते औषध चालू आहे?” असे विचारल्यावर बहुतेक जण काढा वा चूर्ण सांगत नाहीत. काहींना ते औषधच वाटत नाही, काहींना डॉक्टर रागावतील अशी भीती असते. म्हणून यापुढे केसपेपरवर ‘घरगुती औषध, काढा, चूर्ण’ असा स्वतंत्र रकाना राहील. नोंदणी खिडकीवरील कर्मचारी तो आपुलकीने विचारून भरतील. रुग्णांनी पुडी किंवा बाटली सोबत आणावी. कोणीही रागावणार नाही. डोळे वा लघवी पिवळी दिसल्यास काढा त्वरित थांबवून तपासणीस यावे.

तरुण मंडळांनाही विनंती. गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे घालून व नाकातोंडाला रुमाल बांधून मुळासकट उपटावे. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी या कामापासून दूर राहावे. उपटलेले प्रत्येक रोप म्हणजे पुढील हंगामातील हजारो बियांची घट होय.

आजीबाईचा बटवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी यांत वैर असण्याचे कारण नाही. दोन्ही एकाच टेबलावर, एकमेकांच्या माहितीने यावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.