दारू आणि यकृत



आम्ही डॉक्टर नव्हे. कामगारांची रजा, पगार आणि फंड यांसाठी साहेबांच्या दारात उभे राहणारी आम्ही माणसे. हा विषय शिकलो तो रुग्णालयांतील बाकांवर आणि उसन्या पुस्तकांतून. भाटघरच्या पलीकडून, तोरण्याच्या पायथ्याहून भोर-वेल्ह्याची मुले शिरवळ, खेड-शिवापूर, पुणे येथे कामाला जातात. त्यांतला कोणी दारूने पिवळा पडला की घरचे म्हणतात, "कावीळ आहे, झाडपाला देऊ." तेथेच मोलाचे दिवस जातात.

विलायती दारूच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलिलिटरमध्ये, सुमारे 60 ग्रॅम मद्यार्क असतो. तो निकालात काढण्याचे काम मुख्यतः यकृताचे. रोज हा भार पडला की यकृतात चरबी साठते. पुढे कित्येकांच्या यकृताला सूज येते, पेशी मरतात आणि त्या जागी वण धरतात. वण वाढून यकृत कठीण, गाठाळ झाले की त्यास सिरोसिस म्हणतात. मग रक्ताला यकृतातून नीट वाट मिळत नाही. पोटात पाणी साचते, तोच आपल्या आजीच्या तोंडचा जलोदर. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते. एवढे होईपर्यंत यकृत बहुधा दुखतही नाही, ही खरी फसगत. "आमची बाटली चांगल्यातली" असे म्हणणारेही भेटतात. यकृताला लेबल वाचता येत नाही!

उपचार पहिला, दारू पूर्ण बंद. नुसती चरबी असेल तर ती काही आठवड्यांत ओसरू लागते. सिरोसिसचे वण सहसा भरून येत नाहीत, तथापि दारू सुटली तर आयुष्य वाढते. मात्र रोज पिणाऱ्याने ती घरच्या घरी एकदम तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राण जातो. हे डॉक्टरांच्या नजरेखाली व्हावे. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. सोबत पोटभर सकस जेवण हवे. पोटात पाणी झाल्यास मीठ कमी. फुगलेल्या शिरा दुर्बिणीतून बांधता येतात. शेवटचा उपाय यकृतरोपणाचा, पण तो किती घरांना झेपणार?

"दारुडा आहे, काढून टाका," असे कारखान्यात म्हणतात. आम्ही म्हणतो, तो आजारी आहे. कामगार राज्य विमा योजनेत नियमाप्रमाणे वर्गणी भरली असेल तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळतो. त्यास डॉक्टरांचा दाखला लागतो. झाडपालेवाल्याचा चालत नाही. ठेक्यावरच्या कामगारालाही ही योजना लागू होते. तेव्हा वर्गणी कापली जाते की नाही, हे घरच्या बायकांनीही पगाराच्या चिठ्ठीवर पाहून ठेवावे.