गप्प झालेल्या माणसाला एक वाफा द्या

भाताला खत किती द्यावं, आंब्याच्या मोहोरावर फवारणी कधी करावी, हे तुम्ही ह्या कार्यक्रमात नेहमी ऐकता. आज जरा वेगळं बोलायचं आहे. आपण जमिनीची मशागत करतो, तशी जमीनही आपल्या मनाची मशागत करीत असते. शेतकऱ्याला हे अनुभवानं ठाऊक असतं. पण घरातलं एखादं माणूस खचून गप्प बसलं, म्हणजे नेमकं हेच आपण विसरतो.

मी कळंबोलीचा. १९७० च्या मार्चमध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं. त्यांत आमचंही गाव होतं. जिथे भाताची खाचरं होती, तिथे आज वसाहत आहे, लोखंडाचा बाजार आहे. मोबदल्याचा विषय मोठा आहे, तो आज बाजूला ठेवू. आमची खाचरं गेली तेव्हा माझ्या वडिलांना एकच प्रश्न पडला: सकाळी उठून जायचं कुठे?

ते ओट्यावर बसून राहत. जेवायला हाक मारली तर "भूक नाय" म्हणत. शेजारी आले तरी दोन शब्दांपलीकडे बोलणं नाही. आम्ही मुलं म्हणायचो, "बाबा, जन्मभर राबलात, आता आराम करा." ते ऐकून ते आणखीच गप्प व्हायचे. आमचा हेतू चांगला होता. पण त्यांना ऐकू येत होतं ते असं, की आता तुमची कुणाला गरज नाही.

शेवटी आईनं युक्ती केली. दिवाळी झाली होती. परसातली थोडी जागा तिनं साफ केली आणि वडिलांना म्हणाली, "अहो, वाल टाकायचाय. ओल पुरेल का, मला काय समजत नाय. तुम्हीच बघा." दोन दिवस ते उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी परसात गेले, माती मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाले, "ओल हाय अजून, पण आजच टाकायला पायजे." कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून सबंध वाक्य आलं. पुढे शेंगा धरल्या. आईनं त्यांच्याच हातून त्या शेजारी पाठवल्या. घाटावरून नव्यानं राहायला आलेलं कुटुंब होतं ते. वाळलेल्या वालाला मोड आणून बिरडं कसं सोलायचं, हे वडिलांनी त्यांच्या ओटीवर बसून शिकवलं. तिथपासून जाणं-येणं सुरू झालं.

आता ह्याहून मोठं उदाहरण पहा. १९५१ साली बाबा आमटे आणि साधनाताई सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि १४ रुपये घेऊन चंद्रपूर जिल्ह्यात वरोड्याजवळ खडकाळ रानात राहायला गेले. तेच आनंदवन. रोग्यांनी आपल्या हातांनी विहीर खणली, भाजीपाला लावला. भाजी उत्तम आली, पण वरोड्याचे लोक ती घ्यायला भीत. १९५४ मध्ये परदेशातले स्वयंसेवक आले. त्यांनी आनंदवनातच राहून बांधकाम केलं, रोग्यांच्या बरोबर जेवण घेतलं. ते पाहून गावाची भीती ओसरली आणि आनंदवनाची भाजी बाजारात खपू लागली. ज्या हातांवर लोकांनी लांबून भीक टाकली असती, त्याच हातांचं पीक लोकांच्या ताटात गेलं. रोगावर औषध हवंच होतं. पण माणसांत परत यायची वाट मळ्यातून गेली.

परदेशात ह्याचं शास्त्रच झालं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जखमी सैनिकांच्या इस्पितळांतून बागकाम उपचार म्हणून देऊ लागले. त्यात जादू काही नाही. सकाळच्या उन्हानं झोपेची वेळ ताळ्यावर येते. अंग हललं की भूक लागते. आणि मुख्य म्हणजे, रोप रोज पाणी मागतं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही जाणीव खचलेल्या माणसाला उभं करते.

तेव्हा तुमच्या घरी कुणी असं गप्प झालं असेल, मग ते म्हातारं माणूस असो, पीक बुडालेला भाऊ असो, की नवरा गेलेली बहीण असो, तर एवढं करून पहा.

पहिली गोष्ट, वाफा लहान असू द्या. दोन हात रुंद, चार हात लांब पुरे. जागा नसेल तर जुनी बादली किंवा डबा घ्या, तळाला भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत भरा. निम्मा दिवस तरी ऊन लागेल तिथे ठेवा.

दुसरी गोष्ट, लवकर उगवणारं पीक निवडा. मेथी चार-पाच दिवसांत वर येते आणि महिन्याभरात भाजीला होते. लाल माठही तसाच. उदास माणसाला आंब्याचं कलम देऊन पाच वर्षं थांबा म्हणू नका.

तिसरी गोष्ट, हुकूम सोडू नका, सल्ला विचारा. "हे खुरपा" म्हणण्यापेक्षा "हे किती खोल पेरायचं?" असं विचारा. बी वाया गेलं तर टोचून बोलू नका, पुन्हा पेरा. पहिले काही दिवस बरोबर बसा. बोललंच पाहिजे असं नाही.

चौथी गोष्ट, आलेल्या भाजीतली एक जुडी त्यांच्याच हातून शेजारी जाऊ द्या. हे विसरू नका. नुसती भाजी पिकून माणूस माणसांत येत नाही, ती दिल्याघेतल्यानं येतो.

आता एक कळकळीची सूचना. वाफा म्हणजे डॉक्टर नव्हे. दोन आठवडे झोप नाही, अन्न नाही, कशातच मन नाही, किंवा "मी नसलो तर बरं" अशी भाषा कानावर आली, तर अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात न्या. १४४१६ ह्या टेलिमानस क्रमांकावर रात्रंदिवस मोफत बोलता येतं, मराठीतही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर मनानं बंद करू नका. आणि घरातली कीटकनाशकं आजच कुलुपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. पुष्कळदा तो एक कठीण तास टळला की माणूस वाचतो.

मंडळी, आपल्या रायगडात थंडीत पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, आणि भोवती जाळ. पण पोपटी कुणी एकटा लावतो का? ती लागते ती चार माणसं जमली म्हणजेच. यंदा भात कापून झालं की तुमच्या घरच्या त्या गप्प माणसाला चार दाणे वालाचे द्या, आणि शेंगा भरल्या की पोपटीला त्यालाच पुढे बसवा.